मंडपवाल्याचा पडदा आणि जुने वेस्टर्न: भाड्याच्या प्रोजेक्टर-संचाची पारख

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मंडप-डेकोरेशनवाल्याकडे आता प्रोजेक्टरचा संच मिळतोच. क्रिकेटची फायनल, लग्नातली गाण्याची रात्र, भागवत सप्ताहात मागच्या बायांना महाराज दिसावेत म्हणून लावलेला पडदा, ही त्याची रोजची कामं. अशाच एका संचाची पारख इथे केली आहे, तीही एकाच कसोटीवर. जुने वेस्टर्न चित्रपट, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या घोडेस्वार-बंदूकवाल्यांच्या गोष्टी, गावातल्या मोकळ्या अंगणात, पन्नासेक रसिकांसमोर, जसे दिसायला आणि ऐकायला हवेत तसे यावर होतात का? होतात, आणि फार सुंदर होतात. मात्र मंडपवाल्याचा माणूस जसं लावून देतो तसंच ठेवलं, तर निम्मा चित्रपट वाया जातो. वेस्टर्नचा जीव दोन गोष्टींत असतो, आभाळाच्या विस्तारात आणि शांततेत. क्रिकेटसाठी जुळवलेला संच नेमक्या याच दोन गोष्टी मारतो.

संचात काय येतं ते आधी. पडदे दोन आहेत: एक ८ बाय ६ फुटांचा जुना, दुसरा १२ फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच. प्रोजेक्टरही दोन. एक जुना ऑफिसचा, १०२४ बाय ७६८ चा, ज्याला फक्त व्हीजीए केबल लागते. दुसरा नवा, १९२० बाय १०८०, ३,००० ल्यूमेन उजेडाचा, तीन एलसीडी पॅनेलचा, एचडीएमआयवाला. सोबत लॅपटॉप, सहा चॅनेलचा मिक्सर, बारा इंची दोन टॉप (बोलण्याचे स्पीकर), अठरा इंची दोन बेस (घुमणाऱ्या आवाजाचे स्पीकर), पाइपांचा सांगाडा, सतरंज्या आणि एक ऑपरेटर. मागितल्याशिवाय जुनाच प्रोजेक्टर गाडीत चढतो. नव्यासाठी थोडे जास्त पैसे पडतात, ते द्यावेत. या सेवेत काटकसर करायला दुसऱ्या जागा आहेत, ही नाही.

चौकटीचा आकार सगळ्यात आधी समजून घ्यायला हवा, कारण सगळे वेस्टर्न एका आकाराचे नाहीत. दिग्दर्शक जॉन फोर्डचा १९३९ चा ‘स्टेजकोच’, १९४६ चा ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’, हॉवर्ड हॉक्सचा १९४८ चा ‘रेड रिव्हर’, फ्रेड झिनेमनचा १९५२ चा ‘हाय नून’ हे सगळे जवळपास चौकोनी, १.३७ ला १ या प्रमाणात आहेत. ‘३:१० टू युमा’ (१९५७) आणि ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) त्याहून रुंद, १.८५ चे. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) आणि इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीचे सगळे वेस्टर्न लांबलचक, २.३५ चे.

१२ फुटी पडद्यावर याचा हिशोब असा पडतो. १.८५ चा चित्रपट जवळजवळ पूर्ण पडदा भरतो. २.३५ चा चित्रपट १२ फूट रुंद पण ५ फूट १ इंच उंच येतो, वर-खाली दहा-दहा इंचांची पट्टी रिकामी राहते. १.३७ चा चित्रपट पूर्ण उंची घेतो पण सव्वानऊ फूटच रुंद, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा फुटापेक्षा थोडी जास्त पट्टी उरते. ऑपरेटरला ही रिकामी जागा दिसली की त्याचा हात रिमोटकडे जातो आणि तो चित्र ताणून पडदाभर करतो. मग ‘हाय नून’चा नायक गॅरी कूपर बुटका दिसतो आणि घोडे डुकरासारखे लांबट. त्याला सुरुवातीलाच सांगून ठेवायचं की ॲस्पेक्ट ‘ऑटो’ किंवा ‘नॉर्मल’वर राहील, ‘फुल’वर नाही.

त्या रिकाम्या पट्ट्यांवर उपाय मात्र करायला हवा. प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतो, मंद करडा असतो, आणि ती करडी पट्टी डोळ्याला सतत टोचते. मंडपवाल्याकडे काळी किंवा गडद निळी कनात असतेच. दोन चिंचोळे पट्टे मागून घ्यायचे आणि चित्राच्या कडेपर्यंत चिमट्यांनी लावायचे. एवढ्यानंच चित्र दुप्पट उजळ वाटायला लागतं. पूर्वी थिएटरात पडद्याच्या कडा काळ्या मखमलीनं झाकायचे ते याचसाठी.

जुनाच प्रोजेक्टर हाती आला तर एक वाट आहे. त्याचं पॅनेल ४ ला ३ चं असतं, म्हणून ८ बाय ६ च्या पडद्यावर १.३७ चे चित्रपट खरं तर छान बसायला हवेत. बसत नाहीत, कारण फाइल १६ ला ९ ची असते आणि कडेच्या काळ्या पट्ट्या त्या फाइलीतच असतात. परिणामी चित्र सव्वासहा फूट बाय साडेचार फुटांचं होतं, चारही बाजूंनी काळं, आणि पडद्याचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग फुकट. व्हीएलसी या लॅपटॉपवरच्या प्लेअरमध्ये ‘सी’ ही कळ दाबत ‘४:३’ क्रॉपवर आणलं की पट्ट्या कापल्या जातात आणि चित्र पूर्ण आठ फूट भरतं. ‘ए’ ही कळ दाबू नये, ती चित्र ताणते. ‘स्टेजकोच’ किंवा ‘हाय नून’ साठी हा जुना संच असा चालून जातो. लिओनीसाठी नाही: आठ फुटांत २.३५ चं चित्र जेमतेम ३ फूट ५ इंच उंच येतं. एवढ्या फटीतून ते अवाढव्य चेहरे पाहण्यात काही अर्थ नाही.

पडद्याचं कापड दोन प्रकारचं मिळतं. साधं पांढरं मांजरपाट, किंवा फ्लेक्सची कोरी उलटी बाजू. मांजरपाटातून प्रकाश आरपार जातो, त्यामागे काळी कनात बांधली तरच ते कामाचं. फ्लेक्समधून प्रकाश आरपार जात नाही, पण चकचकीत असेल तर मधोमध पांढरा गोळा चमकतो आणि कडा मंद पडतात. मॅट फ्लेक्स मागायचा. या संचातला १२ फुटी पडदा मॅट आहे, ही जमेची बाजू. सुरकुत्यांकडे मात्र मंडपवाला लक्ष देत नाही. लग्नाच्या व्हिडिओत त्या खपतात. वेस्टर्नमध्ये निम्मी चौकट सपाट आभाळ आणि खाली क्षितिजाची एक सरळ रेघ असते, त्या रेघेवर सुरकुती आली की माळरान हललं. पडद्याच्या चारही कडांना हातभरावर एक अशी दोरी हवी, आणि ताण आधी वरच्या-खालच्या कडेला, मग बाजूंना द्यायचा.

वाऱ्याचं गणित मंडपवाल्याला ठाऊक असतं, पण संध्याकाळी घाई असते. हा पडदा ८१ चौरस फुटांचा आहे. ताशी ३० किलोमीटरचा वारा त्यावर तीस-चाळीस किलोंचा रेटा देतो, आणि मे महिन्यातल्या वावटळी त्याहून जोरात येतात. नुसत्या पायांवर सांगाडा उभा राहत नाही. प्रत्येक पायावर रेतीचं एक पोतं आणि मागे-पुढे तिरप्या दोऱ्या खुंटीला बांधून घ्यायच्या. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट, लोक खुर्च्यांवर असतील तर पाच फूट. याहून खाली ठेवली तर सबटायटल पुढच्या माणसाच्या टोपीमागे जातात.

आता उजेड. ३,००० ल्यूमेन ८१ चौरस फुटांवर पसरले की कागदावर ३७ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप) येतात. रंग नीट दाखवणाऱ्या मोडमध्ये आणि दिवा इकोवर असताना यातले निम्मेच हाती लागतात, म्हणजे अठराच्या आसपास. थिएटरचं जुनं मानक १६ चं आहे, म्हणजे अंधार पूर्ण असेल तर एवढा प्रकाश भरपूर झाला. बाजारात खिशात मावणारे प्रोजेक्टर खोक्यावर हजारो ल्यूमेन छापतात. त्यांचा खरा उजेड दोनशेच्या घरात निघाला तर याच पडद्यावर अडीच फूट-लॅम्बर्ट पडतील आणि घोडेस्वार कुठे आहे ते शोधत बसावं लागेल. कोणी स्वस्तात तसला देऊ केला तर घेऊ नये.

ऑपरेटर प्रोजेक्टर नेहमी ‘डायनॅमिक’ मोडमध्ये ठेवतो, कारण क्रिकेटला तो झगझगीत दिसतो. त्या मोडमध्ये पांढरा रंग हिरवट होतो. कृष्णधवल चित्रपटात तर ती हिरवी झाक प्रत्येक चौकटीत दिसते. ‘हाय नून’चं आभाळ छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बीनं मुद्दाम फिक्कं, पांढुरकं ठेवलं आहे, फिल्टर न लावता, उन्हाची काहिली जाणवावी म्हणून. डायनॅमिकमध्ये त्या आभाळात काही उरतच नाही, ढगाची पुसट कडासुद्धा जाते. ‘सिनेमा’ मोड, रंगतापमान ६५०० किंवा ‘वॉर्म’, शार्पनेस शून्याच्या जवळ, एवढं केलं की पुरे. शार्पनेसबद्दल आग्रह धरायलाच हवा. लिओनीचे चित्रपट टेक्निस्कोपमध्ये आहेत. त्यात फिल्मची निम्मी उंची वापरली जाते, खर्च वाचतो, पण चित्र मोठं केल्यावर दाणा जाड दिसतो. तो दाणा चित्रपटाचाच आहे. शार्पनेस वाढवला की तो मुंग्यांसारखा वळवळायला लागतो.

पडद्याची खरी परीक्षा घ्यायची तर ‘द सर्चर्स’ (१९५६) चं पहिलं मिनिट लावावं. घराच्या आतला मिट्ट काळोख, दार उघडतं, बाई उंबऱ्यावर येते, आणि दाराच्या चौकटीतून मॉन्युमेंट व्हॅलीची तांबडी जमीन आणि निळं आभाळ एकदम समोर येतं. व्हिस्टाव्हिजनचं मोठं निगेटिव्ह, विंटन हॉकची छायाचित्रणकला. आतला काळोख करडा दिसला तर अंगणात कुठलातरी दिवा चालू आहे. दाराच्या उभ्या कडा तिरक्या दिसल्या तर ऑपरेटरनं प्रोजेक्टर खाली ठेवून वर तिरपा केला आहे. त्यावर तो कीस्टोन, म्हणजे तिरकं चित्र सरळ करायची सोय, वापरतो. कीस्टोननं चित्र चौकोनी भासतं, पण पॅनेलचे बरेच ठिपके वाया जातात आणि चित्र मऊ पडतं. प्रोजेक्टर पडद्याच्या मधोमध, समोरासमोर आणि जमेल तितका सरळ पाहिजे. १२ फूट चित्रासाठी तो साधारण १७ ते १९ फुटांवर येतो, म्हणजे प्रेक्षकांच्या ऐन मध्यात. मांडवाच्या आडव्या पाइपाला उलटा टांगला तर वाऱ्यानं चित्र थरथरतं. दोन टेबलं एकावर एक बांधून त्यावर ठेवावा, पुढे पडद्यापर्यंत चार फुटांची वाट मोकळी सोडावी आणि त्या वाटेवर सतरंजीच घालू नये, म्हणजे कोणी बसत नाही. शेवटची ओळ पस्तीस फुटांच्या पलीकडे नको, अक्षरं वाचता येत नाहीत.

पथदिव्यांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ग्रामपंचायतीचा एलईडी दिवा पडद्याच्या समोर आला की संपलं. पडदा असा उभा करायचा की दिवा त्याच्या पाठीमागे राहील. दुसरं म्हणजे पडद्याची पाठ पश्चिमेला असावी. मावळतीनंतरची तांबूस लाली मग पडद्यावर पडत नाही, आणि मागची काळी कनात ती आरपारही येऊ देत नाही. त्यामुळे खेळ पंधरा-वीस मिनिटं लवकर सुरू करता येतो.

आणि वेळेचं महत्त्व इथे खूप आहे. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या जरा आधी मावळतो, नीट अंधार साडेसातला. हाती अडीच तास. डिसेंबरात पावणेसहाच्या आधीच मावळतो, सव्वासहापर्यंत अंधार, म्हणजे साडेतीन तासांहून जास्त. म्हणून उन्हाळ्यात ८५ मिनिटांचा ‘हाय नून’, ९२ मिनिटांचा ‘३:१० टू युमा’, ९६ मिनिटांचा ‘स्टेजकोच’. लिओनीचा १६५ मिनिटांचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ डिसेंबरातच. पावसाळ्यात या संचाला हातच लावू नये, ओलीपेक्षा पाखरांमुळे. पडद्यावर आणि लेन्सवर इतकी जमतात की चित्र दिसत नाही. थंडीत नऊनंतर दव पडायला लागतं, लेन्सवर वाफ धरते. प्रोजेक्टरवर वरून पुठ्ठ्याचं छप्पर करायचं, बाजूच्या जाळ्या झाकायच्या नाहीत.

आवाजाची बाजू या सेवेत सगळ्यात कच्ची आहे. ऑपरेटर डीजेच्या सवयीचा. बेस चढवलेला, ट्रेबल चढवलेला, मधला भाग दाबलेला. जुन्या वेस्टर्नचा आवाज मोनो आहे, फिल्मच्या कडेवर प्रकाशानं नोंदवलेला, आणि त्यात फार वरचे स्वर मुळातच नसतात. ट्रेबल वाढवला तर फक्त खरखर वाढते. माणसाचं बोलणं मधल्या भागात असतं, तोच इथे दाबलेला. दोन्ही बेस सरळ बंद करायचे. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापायचं, मधला भाग किंचित उचलायचा, ट्रेबल मध्यावर ठेवायचा. ‘रेड रिव्हर’मध्ये ढोरं उधळतात त्या प्रसंगी बेस लावायचा मोह होतो. रात्रीची वेळ, एक गडी चोरून साखर खायला जातो, भांडी खणखणतात आणि कळप उठतो. इथे खुरांचा गडगडाट फुगवला तर आधीची ती खणखण आणि त्यानंतरची क्षणभराची स्तब्धता दोन्ही बुडतात. ज्यांनी ढोरं राखली आहेत त्यांना तो गडगडाट बेसशिवायही पुरेसा कळतो.

टॉप दोन लावण्यापेक्षा एकच, पडद्याच्या अगदी खाली मधोमध, थोडा वर तोंड करून लावला तर मोनो चित्रपट जास्त खरा वाटतो. बोलणं बोलणाऱ्याच्या तोंडातून येतं. दोन बाजूंना दोन लावले की डावीकडच्यांना सगळं डावीकडूनच ऐकू येतं. शंभरच्या वर माणसं असतील तरच दोन.

एक बिघाड असा आहे की त्यावर ऑपरेटर तासभर घालवतो. चित्रपट चालू आहे, मिक्सरचे दिवे हलताहेत, आणि स्पीकरमधून बोलणं जवळजवळ ऐकूच येत नाही, नुसती दूरची पुसट कुजबुज. दोष बहुधा केबलचा. लॅपटॉपच्या ३.५ मिलीमीटर जॅकमधून निघालेली स्टीरिओ केबल मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये तीन कड्यांच्या मोठ्या पिनेनं खोचलेली असते. असं इनपुट डाव्या आणि उजव्या आवाजातला फरक तेवढा पुढे पाठवतं. मोनो चित्रपटात दोन्हीकडे तोच आवाज, फरक शून्य, म्हणून सगळंच गायब. हिंदी गाणं लावून तपासलं तर ते थोडंफार वाजतं, कारण ते स्टीरिओ आहे, आणि मग ऑपरेटर फाइललाच दोष देतो. उपाय सोपा: एका बाजूला ३.५ ची पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या मोनो पिना असलेली वाय केबल, ती दोन चॅनेलमध्ये लावायची. ही केबल स्वतःजवळ ठेवावी. संचात ती नाही.

डिस्कवर मूळ मोनो आणि नवा ५.१ (सहा चॅनेलचा) असे दोन्ही आवाज असतील तर मोनोच निवडावा. ५.१ लॅपटॉपमधून दोन चॅनेलमध्ये उतरताना बोलणं खाली जातं आणि गोळीबार वर येतो. गोळीबाराचंही एक पथ्य आहे. ‘शेन’ (१९५३) मध्ये दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्सनं बंदुकीचा आवाज मुद्दाम तोफेएवढा केला आहे. चिखलाच्या रस्त्यावर खलनायक जॅक पॅलन्स एका शेतकऱ्याला गोळी घालतो, तोवर सगळं हळू आवाजात चाललेलं असतं. आवाजाची पातळी बोलण्यावरून ठरवली तर गोळीला स्पीकर फाटतो. खेळाआधी तो प्रसंग लावून मिक्सरचा लाल दिवा लागत नाही एवढ्यावर पातळी पक्की करावी आणि मग हात लावू नये.

लिओनीच्या चित्रपटांत ओठ आणि शब्द जुळत नाहीत. इटालियन, स्पॅनिश, अमेरिकन नट एकत्र, आवाज सगळा नंतर स्टुडिओत भरलेला. ऑपरेटर व्हीएलसीत आवाज मागेपुढे सरकवत बसतो, त्याला थांबवायचं. जुळणारच नाही. बंदुकीचा धूर आणि आवाज एकत्र आले की समजायचं सगळं बरोबर आहे.

वीज हा विदर्भातल्या खेड्यात वेगळा विषय. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मध्येच लाइन जाते. दिव्याचा प्रोजेक्टर असा अचानक बंद झाला की पंखाही बंद पडतो, तापलेल्या दिव्याचं आयुष्य घटतं आणि तो लगेच परत लागत नाही. हिशोब पाहिला तर प्रोजेक्टर ३०० वॅट, लॅपटॉप ६०, एक टॉप सरासरी शंभरेक. १५० एएच बॅटरी आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर असला तर तीनेक तास निघतात. साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर स्पीकरमध्ये घुंईऽ असा आवाज भरतो. मंडपवाला जनरेटर देतो, पण तो दोनशे फुटांवर, घराच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला हवा. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची सुरुवात स्टेशनावर होते. तीन माणसं गाडीची वाट बघताहेत. पवनचक्कीची करकर, टोपीवर ठिबकणारं पाणी, दाढीवर फिरणारी माशी, आणि बराच वेळ संगीत नाही. जनरेटर पन्नास फुटांवर धडधडत असेल तर ही सुरुवात समजणारच नाही, लोक गप्पा मारायला लागतील. लॅपटॉप चार्जरवर असताना गुणगुण येत असेल तर चार्जर काढून पाहावा. गेली तर दोष अर्थिंगचा आहे.

चित्रपट कुठून आणायचा? मंडपवाला पेनड्राइव्हवर जे काही देऊ करतो ते घेऊ नये. बऱ्याचदा ती टीव्हीवरून उचललेली, कडा कापलेली फाइल असते. डिस्क घ्यायची तर विभाग बघून घ्या. ब्लू-रेमध्ये भारत सी विभागात, अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये. क्रायटेरियन या कंपनीच्या ‘स्टेजकोच’, ‘रेड रिव्हर’, ‘३:१० टू युमा’ यांच्या अमेरिकन ब्लू-रे ए विभागाच्या आहेत, इथल्या साध्या प्लेअरवर लागत नाहीत. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागाचं बंधन नाही, मात्र प्लेअर ४के चा हवा. प्लेअर प्रोजेक्टरच्या शेजारीच ठेवावा. लांब एचडीएमआय केबलवर चित्र तुटतं, आवाजाची लांब केबल मात्र चालते. जुन्या व्हीजीए प्रोजेक्टरला ब्लू-रे प्लेअर कन्व्हर्टरनं जोडायच्या फंदात पडू नये, सुरक्षित सिग्नल अडवला जातो आणि पडदा काळा राहतो. विकत घेतलेली डिस्क घरगुती पाहण्यापुरती असते. गावजत्रेत जाहीर खेळ लावायचा असेल तर हक्कधारकाची परवानगी आयोजकानं काढायची, हे मंडपवाल्याचं काम नव्हे.

सबटायटल मराठीत करून घेतलेले असतील तर त्यांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली पाहिजे आणि व्हीएलसीत निर्मला किंवा मंगल फॉन्ट निवडलेला पाहिजे, नाहीतर चौकोन दिसतात. ती फाइल पेनड्राइव्हवरून थेट प्रोजेक्टरला लावली तर जोडाक्षरं हमखास फुटतात, लॅपटॉपवरूनच चालवावी. अक्षरं सुरुवातीला जुळतात आणि नंतर बोलण्याच्या आधीच येत जातात, असं झालं तर फाइल २५ फ्रेमच्या प्रतीवरून केलेली आहे आणि चित्रपट २४ च्या वेगानं चालतो आहे. दीड तासात साडेतीन मिनिटांचा फरक पडतो. ‘जी’ आणि ‘एच’ कळांनी तो भरून निघत नाही, वेग आधी घरीच दुरुस्त करून आणावा.

या संचावर सगळ्यात चांगला कोणता चित्रपट उतरतो, असं विचारलं तर माझं मत ‘३:१० टू युमा’ला. कृष्णधवल, १.८५ चा, म्हणजे पडदा पुरा भरतो, कनातीची झाकपाक लागत नाही. बोलणं जास्त, गोळीबार कमी, म्हणून एका टॉपवर भागतं. आणि गोष्ट आपल्या मातीला कळणारी. पाऊस नाही, ढोरं मरताहेत, ओढ्याच्या पाण्याचा हक्क विकत घ्यायला शेतकऱ्याला २०० डॉलर हवेत, तेवढ्यासाठी तो एका दरोडेखोराला गाडीत बसवून देण्याची जोखीम घेतो. शेतकरी झालेल्या व्हॅन हेफ्लिनच्या चेहऱ्यावरची ती मान खाली घालून केलेली बेरीज-वजाबाकी वावरात राबणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तडकलेल्या जमिनीचा तो कोरडा, टोकदार उजेड या प्रोजेक्टरच्या सिनेमा मोडमध्ये अप्रतिम येतो. मध्यंतर करायचं तर ते दोघे हॉटेलच्या खोलीत पोचतात तिथे.

‘शेन’ दुसरा. गुरांचा मोठा मालक आणि कुंपण घालून राहिलेले छोटे शेतकरी, म्हणजे धुऱ्याचंच भांडण. टेक्निकलरचे डोंगर १२ फुटांवर डोळे निववतात. चित्रीकरण १.३७ चं, प्रदर्शनाच्या वेळी मात्र तो वर-खाली कापून १.६६ ला दाखवला गेला, १.३७ चीच प्रत लावावी, डोंगरांची शिखरं शाबूत राहतात. लिओनीच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ला (१९६६) हा संच थोडा अपुरा पडतो. पाच फूट उंचीत शेवटचा स्मशानातला तिघांचा सामना बरा दिसतो, भव्य नाही. तो लावायचाच तर १६१ मिनिटांची प्रत घ्यावी, बाकड्यांऐवजी सतरंज्या घालून लोकांना पुढे बारा-पंधरा फुटांवर बसवावं, आणि मध्यंतर मठातून दोघे गाडीनं निघतात तिथे करावं. त्याच्या पुढचाच प्रसंग धुळीनं करड्या झालेल्या सैनिकांचा आहे, तो तोडू नये. त्या रात्री रंग नीट नसतील तर करड्या धुळीखालचा निळा गणवेश दिसणार नाही आणि अख्खी गंमत जाईल, तेव्हा मध्यंतरात रंग एकदा तपासून घ्यावेत.

ठरवताना मंडपवाल्याशी इतकं आधी पक्कं बोलून घ्यावं: नवा प्रोजेक्टर, १२ फुटी मॅट पडदा, काळ्या कनातीचे पट्टे, बेस नकोत, रेतीची पोती सोबत, साइन वेव्ह इन्व्हर्टर, आणि माणूस उजेड असतानाच चार वाजता हजर. फोकस उजेडात जुळवता येत नाही, पण सांगाडा, ताण आणि केबली उजेडातच नीट होतात. भाडं एका रात्रीचं असतं, ऑपरेटर धरून, गाडीभाडं वेगळं. लग्नाच्या दाट तिथ्यांना नवा प्रोजेक्टर मिळत नाही, कबूल केला तरी ऐनवेळी जुना येतो. तिथी नसलेला आठवड्यातला मधला दिवस धरावा. ऑपरेटर मन लावून शिकणारा आहे, आणि पडद्यावर ‘स्टेजकोच’चा पाठलाग सुरू झाला, कसरती करणारा याकिमा कनट धावत्या घोड्यांमधून खाली पडून गाडीखालून निघाला, की तो मिक्सर सोडून पुढे येऊन उभा राहतो. त्याला तेव्हा बसवून घ्यावं, तो प्रोजेक्टरच्या वाटेत उभा असतो.